वाढपी अडवू नका: व्हर्ट.एक्स वापरून जावाचा पहिला सर्व्हर

उन्हाळा लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसातून वीसदा एकच प्रश्न येतो: टँकर आला का? उत्तर वॉचमनला माहीत असतं, पण वॉचमन ग्रुपवर नसतो. मग कुणीतरी गॅलरीतून डोकावतं, कुणीतरी फोन करतं, आणि कळेपर्यंत टाकी भरून टँकर निघूनही गेलेला असतो.

या लेखात आपण त्या प्रश्नाला उत्तर देणारी एक छोटी सेवा बांधणार आहोत. टँकर आला की वॉचमन फोनवरून नोंद करेल, नोंद डेटाबेसात जाईल, आणि ज्यांनी पान उघडून ठेवलंय त्यांना ती आपोआप दिसेल. साधन म्हणून व्हर्ट.एक्स घेऊ, म्हणजे जावात सर्व्हर लिहायच्या लायब्ररींचा एक संच. तुम्हाला जावा येतं, लॅम्डा लिहिता येतो आणि मेव्हनची पॉम फाइल तुम्ही आधी कधीतरी उघडली आहे, एवढं धरून चालतो. स्प्रिंग हा जावाचा प्रचलित फ्रेमवर्क येत असेल तर ठीकच. येत नसेल तर आणखी बरं, विसरायला कमी.

वर्गांची आणि मेथडची नावं मी एकेरी अवतरणात, आपण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तोंडी सांगतो तशी लिहिली आहेत. टाइप करताना ती जावाच्या नेहमीच्या कॅमल केसमध्ये, मधली जागा काढून लिहायची. एडिटरमध्ये पहिली चार अक्षरं टाइप केलीत की बाकीचं तोच सुचवतो. आवृत्ती ५ धरली आहे. ती मे २०२५ मध्ये आली आणि तिला किमान जावा ११ लागतं, पण नवं काम सुरू करताना जावा २१ घ्या. कारण पुढे येईल.

पंगत कशी चालते

कोड लिहायच्या आधी लग्नातली पंगत डोळ्यांपुढे आणा. पानावर बसलेल्या प्रत्येकामागे एकेक वाढपी उभा केला तर व्यवस्था सोपी होते. तुमचा वाढपी फक्त तुमच्याकडे बघतो, तुमचा भात संपेपर्यंत वरणाचं पातेलं हातात धरून उभा राहतो. पन्नास पानांना हे जमेल. पाच हजार पानांना पाच हजार वाढपी आणायचे कुठून, आणि ते उभे राहणार कुठे? जावाचे सर्व्हर वर्षानुवर्षं याच पद्धतीने चालत आले: विनंती आली की तिला एक थ्रेड. ६४ बिट लिनक्सवर अशा प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी साधारण १ मेगाबाइट जागा राखली जाते, आणि थ्रेड बहुतेक वेळ काय करतो, तर डेटाबेसच्या उत्तराची वाट बघतो.

खऱ्या पंगतीत एकच वाढपी एक अख्खी रांग सांभाळतो. हवं त्याला वाढतो, कुणी ताक मागितलं तर आत सांगून पुढे सरकतो, ताक आलं की परत त्या पानाशी येतो. व्हर्ट.एक्समधला इव्हेंट लूप म्हणजे हा वाढपी. चार कोअरच्या मशीनवर असे आठ असतात, कारण मूळ सेटिंग कोअरच्या दुप्पट लूप असं आहे. प्रत्येकाची रांग ठरलेली: एखादी जोडणी एका लूपकडे गेली की शेवटपर्यंत त्याच्याकडेच राहते.

आता पंगत कशाने बिघडते ते सांगायला नको. वाढपी एखाद्या पाहुण्याशी गावाकडच्या गप्पा मारत उभा राहिला की त्याच्या रांगेतली बाकीची सगळी पानं कोरडी. म्हणून इव्हेंट लूप अडवायचा नाही. व्हर्ट.एक्सच्या अधिकृत मार्गदर्शिकेत याला ‘सोनेरी नियम’ असंच म्हटलंय, आणि या लेखात पुढे जे काही आहे ते जवळजवळ सगळं हा नियम पाळायची तजवीज आहे.

थोडा इतिहास. टिम फॉक्स यांनी २०११ मध्ये व्हीएमवेअरमध्ये असताना हा प्रकल्प सुरू केला. नाव होतं नोड.एक्स, म्हणजे नोड.जेएसची कल्पना जावाच्या व्हर्च्युअल मशीनवर आणि अनेक भाषांसाठी. पुढे नाव बदललं. आलेखाच्या गणितात नोडला व्हर्टेक्सही म्हणतात, त्यावरून हे. २०१३ मध्ये प्रकल्प एक्लिप्स फाउंडेशनकडे गेला. याच्या पोटात नेटी ही नेटवर्कची जावा लायब्ररी आहे, आणि क्वार्कस हा जावाचा फ्रेमवर्क वापरत असाल तर त्याच्या पोटात हा आहे.

एक गोष्ट स्प्रिंगवाल्यांना सुरुवातीला खटकते. हा साचा (फ्रेमवर्क) नाही, हत्यारांची पेटी आहे. अ‍ॅनोटेशन लावली आणि मागे काहीतरी आपोआप घडलं, असं इथे होत नाही. तुम्ही लिहिलंत तेवढंच चालतं. मला हे आवडतं, कारण रात्री दोन वाजता काही बिघडलं तर शोधायची जागा आपल्याच फाइलीत असते.

सांगाडा

ब्राउझरमध्ये स्टार्ट डॉट व्हर्टएक्स डॉट आयओ हे पान उघडा. आवृत्ती ५, भाषा जावा, बांधणीसाठी मेव्हन निवडा. खाली घटकांच्या यादीतून तीनच घ्या: ‘व्हर्टएक्स वेब’, ‘रिअ‍ॅक्टिव्ह पोस्टग्रेस क्लायंट’ आणि चाचणीसाठी जेयुनिट ५. यादी लांब आहे, मोह होतो, पण बाकीचे नंतर जोडता येतात. झिप उतरवा, उलगडा, आणि टर्मिनलमध्ये त्या फोल्डरात जाऊन मेव्हन रॅपरला ‘क्लीन’, ‘कंपाइल’ आणि ‘एक्झेक’चं ‘जावा’ ही तीन कामं एका ओळीत सांगा. पहिल्यांदा तो बरंच काही उतरवून घेतो, चहा टाका.

सर्व्हर ८८८८ पोर्टवर उभा राहतो. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ८८८८ उघडलंत की एक नमस्काराची ओळ दिसेल.

आता पॉम फाइल बघा. व्हर्ट.एक्सच्या घटकांपुढे आवृत्तीचा आकडा नाही, कारण वर ‘स्टॅक डेपचेन’ नावाची एक यादी आयात केली आहे, तीच सगळ्यांचे आकडे जुळवते. नवा घटक जोडताना त्याला स्वतःचा आकडा देऊ नका. अर्धं घर ४ वर आणि अर्धं ५ वर असलं की मेथड सापडत नाही अशा चुका येतात, आणि त्या शोधण्यात दिवस जातो.

जनरेटरने ‘मेन व्हर्टिकल’ नावाचा वर्ग दिलाय. व्हर्टिकल म्हणजे एका लूपला बांधलेला तुमच्या कोडचा तुकडा. पाचव्या आवृत्तीत तो ‘व्हर्टिकल बेस’पासून वाढवायचा, आणि त्याच्या ‘स्टार्ट’ मेथडने एक फ्यूचर परत द्यायचं, म्हणजे ‘सुरुवातीचं काम झालं की कळवतो’ अशी चिठ्ठी. ‘लिसन’ जे फ्यूचर देतं तेच इथून परत करा. नाहीतर पोर्ट आधीच कुणी धरलेलं असलं तरी व्हर्टिकल आनंदाने ‘सुरू झालो’ म्हणतं आणि तुम्ही ब्राउझर ताजा करत बसता.

राउटर आणि पहिल्या दोन वाटा

‘स्टार्ट’मधला नमुना कोड काढून टाका. त्याच्या जागी ‘राउटर’च्या स्थिर ‘राउटर’ मेथडला ‘व्हर्टएक्स’ देऊन एक राउटर बनवा, आणि ‘क्रिएट एचटीटीपी सर्व्हर’च्या ‘रिक्वेस्ट हँडलर’ला तो द्या.

पहिली वाट वाचण्याची: राउटरवर ‘गेट’, पत्ता टँकरचा, आणि ‘हँडलर’मध्ये एक लॅम्डा. लॅम्डाला ‘राउटिंग कॉन्टेक्स्ट’ मिळतो. विनंती, उत्तर, पत्त्यातले भाग, सगळं त्याच्यातच. उत्तरासाठी त्याच्या ‘जेसन’ मेथडला एक ‘जेसन अ‍ॅरे’ द्या. सध्या नोंदी वर्गातल्या एका साध्या ‘अ‍ॅरे लिस्ट’मध्ये ठेवा. कुलूप नको, ‘सिंक्रोनाइझ्ड’ नको. या व्हर्टिकलचा कोड कायम एकाच लूपवर चालतो, त्यामुळे दोन थ्रेड एकाच वेळी त्या यादीला हात लावतील असं होतच नाही. बरीच वर्षं कुलपं लावण्यात घालवलेल्या माणसाला यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

इथे एक ठेच हमखास लागते. ‘जेसन’ मेथडला तुम्ही स्वतःचा वर्ग, समजा ‘टँकर’, देऊन पाहाल आणि जॅक्सन डेटाबाइंड सापडत नाही अशी तक्रार येईल. व्हर्ट.एक्स जॅक्सनचा फक्त गाभा सोबत आणतं. वर्गाचं जेसन करायचं असेल तर डेटाबाइंड पॉममध्ये स्वतः जोडा, नाहीतर ‘जेसन ऑब्जेक्ट’मध्ये ‘पुट’ करत राहा. लहान कामात मी दुसरं करतो.

दुसरी वाट नोंदीची: ‘पोस्ट’, पत्ता तोच. इथे हँडलरची साखळी लागते, आणि तिचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ‘बॉडी हँडलर’, मग आपली तपासणी, मग प्रत्यक्ष नोंद.

बॉडी हँडलर विनंतीतला मजकूर गोळा करतो. तो नसेल तर ‘बॉडी’ रिकामीच मिळते. एकाच वाटेवर तो आपल्या हँडलरनंतर लावलात तर राउटर बांधतानाच ‘इलिगल स्टेट’ म्हणून अडवतो, हे चांगलंच आहे. त्याच्या ‘क्रिएट’ला काही दिलं नाहीत तर तो फाइली स्वीकारायच्या तयारीने ‘फाइल अपलोड्स’ नावाचं फोल्डर बनवतो. आपल्याला फाइली नकोत, म्हणून ‘फॉल्स’ द्या. सर्व्हरवर हे अनोळखी फोल्डर बघून घाबरलेले लोक मी पाहिलेत, त्यातला एक मी.

तपासणीचा हँडलर तीन ओळींचा: विनंतीच्या हेडरमधली परवल आणि पर्यावरणातल्या व्हेरिएबलमधली परवल जुळते का? जुळली तर ‘नेक्स्ट’, नाही तर ‘फेल’ आणि ४०१. परवल कोडमध्ये लिहू नका. सोसायटीतली मुलं हुशार असतात, मध्यरात्री टँकर आल्याची नोंद पडेल.

‘नेक्स्ट’, ‘फेल’ किंवा उत्तर संपवणं, यातलं एक प्रत्येक हँडलरने करायलाच हवं. एकही केलं नाही तर काय होतं? काहीच नाही. चूक येत नाही, लॉगमध्ये ओळ येत नाही, ब्राउझर फिरत राहतो. ‘इफ’ला ‘एल्स’ लिहायचा राहिला की नेमकं हे घडतं. विनंती लटकलेली दिसली की मी पहिली तपासणी हीच करतो.

शेवटचा हँडलर ‘बॉडी’मधून ‘अ‍ॅज जेसन ऑब्जेक्ट’ घेतो. मजकूर रिकामा असेल तर नल मिळतं, वेडावाकडा असेल तर अपवाद उडतो. नल इथेच तपासून ४०० द्या, आणि अपवादासाठी राउटरवर एक ‘फेल्युअर हँडलर’ लावा. नाहीतर वॉचमनला नुसतं ५०० दिसेल आणि तो तुम्हाला फोन करेल.

मुद्दाम मोडून पाहा

पुढे जाण्याआधी दहा मिनिटं काढा. मी शिकवतो तेव्हा हा भाग कधीच गाळत नाही.

एक तिसरी वाट जोडा, पत्ता काहीही, आणि तिच्या हँडलरमध्ये ‘थ्रेड डॉट स्लीप’ने आठ सेकंद झोपा, मग उत्तर द्या. सर्व्हर चालू करा. एका टर्मिनलमधून कर्लने (टर्मिनलवरून विनंती पाठवायचं साधन) या झोपाळू वाटेवर विनंती पाठवा, आणि लगेच दुसऱ्या टर्मिनलमधून साध्या टँकर यादीवर.

यादीची वाट क्षणात उत्तर देणारी आहे. तरी ती अडकून बसते. पहिला झोपेतून उठेपर्यंत दुसऱ्याला उत्तर नाही, मग तुमच्या मशीनला सोळा कोअर का असेनात. आपलं व्हर्टिकल एक, त्याचा लूप एक, आणि तो झोपलाय.

आता सर्व्हरची खिडकी बघा. व्हर्ट.एक्समध्ये एक पहारेकरी थ्रेड असतो. तो दर सेकंदाला फेरी मारतो, आणि एखादा लूप २ सेकंदांपेक्षा जास्त एकाच कामात अडकलेला दिसला की थ्रेडच्या नावासकट इशारा छापतो. ५ सेकंद उलटले की नेमकी कोणत्या ओळीवर गाडी अडली तो पूर्ण स्टॅकही देतो. म्हणून मी आठ सेकंद सांगितले. हा इशारा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठेवा. पुढे कधी खऱ्या सर्व्हरवर तो दिसला तर मर्यादा वाढवून तो गप्प करायचा मोह होईल. सेटिंग आहे, होतंही तसं. पण ते म्हणजे वाढपी थांबलाय हे दिसू नये म्हणून पडदा लावणं.

झोप कुणी मुद्दाम लिहीत नाही, बरोबर. पण जेडीबीसीची (डेटाबेसशी बोलायची जावाची नेहमीची पद्धत) क्युरी, मोठी फाइल वाचणं, पीडीएफ बनवणं, पासवर्डचा बीक्रिप्ट हॅश, फ्यूचरवर ‘गेट’ करून वाट बघणं, ही सगळी झोपच आहे. नाव वेगळं.

थांबायचंच असेल तर

काही कामं न थांबता करता येतच नाहीत. त्यांच्यासाठी मागे वीस जणांचा वेगळा संच असतो, वर्कर पूल. ‘एक्झिक्युट ब्लॉकिंग’ला एक लॅम्डा दिलात की तो लॅम्डा तिकडे चालतो, तुम्हाला फ्यूचर मिळतं, आणि उत्तर पुन्हा तुमच्याच लूपवर येतं. वाढपी आचाऱ्याला सांगून पुढे गेला, तसं.

यात एक मेख आहे आणि ती मला महाग पडली. एका कामात आम्ही देणगीच्या पावत्यांची पीडीएफ हँडलरमध्येच बनवत होतो. इशारे यायला लागले, म्हणून ते काम ‘एक्झिक्युट ब्लॉकिंग’मध्ये टाकलं. इशारे थांबले, आम्ही खूश. वर्गणीच्या दिवसांत मात्र पावत्या मिनिट मिनिट येईनात. वर्कर वीस, त्यातले एकोणीस मोकळे, आणि एक राबतोय. कारण एकाच व्हर्टिकलमधून दिलेली अशी कामं मूळ सेटिंगनुसार ओळीने, एकामागून एक होतात. क्रम राखायचा म्हणून. क्रमाची गरज नसेल तर दुसरा आर्ग्युमेंट ‘फॉल्स’ द्यायचा. एका शब्दाची दुरुस्ती होती, सापडायला दोन रात्री लागल्या.

जावा २१ घ्या असं वर म्हटलं त्याचं कारणही इथलंच. व्हर्च्युअल थ्रेड २०२३ मध्ये जावा २१ बरोबर पक्के झाले, आणि व्हर्टिकल तैनात करताना थ्रेडिंग मॉडेल ‘व्हर्च्युअल थ्रेड’ असं सांगता येतं. मग त्या व्हर्टिकलमध्ये ‘अवेट’ लिहून सरळ ओळीने कोड लिहिता येतो. ‘मग व्हर्ट.एक्स कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. दिवसाला शे-दोनशे नोंदी भरणारी, चार फॉर्म असलेली अंतर्गत सेवा असेल तर माझं उत्तर स्पष्ट आहे: स्प्रिंग बूट घ्या, टीमला येतं, माणसं मिळतात. हजारो जोडण्या तासन् तास उघड्या राहणार असतील, किंवा एकाच प्रक्रियेत बरेच प्रोटोकॉल हाताळायचे असतील, तर व्हर्ट.एक्स. आपला टँकर खरं तर पहिल्या गटातला आहे, फक्त थेट दिसण्याचा भाग दुसऱ्यातला. शिकायला बरा आहे.

फ्यूचरची साखळी

नवख्याला सगळ्यात जास्त त्रास इथे होतो. ‘मॅप’ आणि ‘कंपोज’ यातला फरक पाठ करा: पुढचं काम लगेच होणारं असेल, म्हणजे मिळालेल्या ओळींचं जेसन करणं वगैरे, तर ‘मॅप’. पुढचं कामही स्वतः फ्यूचर देत असेल, म्हणजे आणखी एक क्युरी, तर ‘कंपोज’. उलट केलंत तर फ्यूचरच्या आत फ्यूचर मिळतं आणि कंपायलर लांबलचक कुरकुर करतो.

शेवटी ‘ऑन सक्सेस’मध्ये उत्तर द्या आणि ‘ऑन फेल्युअर’मध्ये कॉन्टेक्स्टचं ‘फेल’ बोलवा. दुसरं विसरलात तर वर सांगितलेली लटकणारी विनंती परत तुमच्या दारात. चौथ्या आवृत्तीवरचे जुने लेख वाचताना शेवटच्या आर्ग्युमेंटमध्ये ‘एसिंक रिझल्ट’ घेणारे कॉलबॅक दिसतील. पाचव्यात ते काढलेत, तो कोड चिकटवू नका.

डेटाबेस

यादी मेमरीत आहे, सर्व्हर बंद केला की गेली. पोस्टग्रेसमध्ये एक तक्ता करा: क्रमांक, आल्याची वेळ वेळक्षेत्रासह, आणि लिटर पूर्णांकात.

पोस्टग्रेसचा रिअ‍ॅक्टिव्ह क्लायंट जेडीबीसीवर बसलेला नाही. तो पोस्टग्रेसची भाषा थेट बोलतो आणि लूप अडवत नाही. ‘पीजी कनेक्ट ऑप्शन्स’मध्ये होस्ट, डेटाबेस, नाव आणि पासवर्ड भरा, ‘पूल ऑप्शन्स’मध्ये जास्तीत जास्त जोडण्या ५ सांगा, आणि ‘पीजी बिल्डर’कडून पूल, म्हणजे पुन्हापुन्हा वापरायच्या जोडण्यांचा साठा, बांधून घ्या.

पहिल्याच जोडणीला स्क्रॅम नावाची तक्रार येण्याची शक्यता मोठी आहे. पोस्टग्रेस १४ पासून पासवर्ड मुळात स्क्रॅम पद्धतीने साठवले जातात, आणि त्यासाठी लागणारी ऑनग्रेसची छोटी लायब्ररी क्लायंटसोबत आपोआप येत नाही. ती पॉममध्ये जोडा. चुकीच्या संदेशात तिचं नाव दिलेलं असतं, फक्त लोक संदेश शेवटपर्यंत वाचत नाहीत.

नोंदीसाठी ‘प्रिपेअर्ड क्युरी’ लिहा. क्युरीतल्या मूल्यांच्या जागा प्रश्नचिन्हाने नाही, डॉलरचं चिन्ह आणि क्रमांक अशा लिहायच्या, ही पोस्टग्रेसची स्वतःची रीत. ‘एक्झिक्युट’ला ‘टपल’ द्यायचा. इथे प्रकारांबाबत सूट नाही. फॉर्ममधून आलेलं १०००० हे अक्षररूपात असेल आणि स्तंभ पूर्णांक असेल तर क्लायंट ते नाकारतो. आकडा करून द्या.

वाचताना वेळ ‘ऑफसेट डेट टाइम’ म्हणून मिळते, आणि ती यूटीसीत असते. तशीच दाखवलीत तर सकाळी साडेनऊचा टँकर पहाटे चारला आलेला दिसेल, आणि ग्रुपवर नवा वाद सुरू होईल. ‘अ‍ॅट झोन सेम इन्स्टंट’ला आशिया/कोलकाता देऊन बदलून घ्या.

इव्हेंट बस आणि थेट पडदा

आता खरी गंमत. नोंद यशस्वी झाली की त्या हँडलरमधून इव्हेंट बसवर ‘पब्लिश’ करा: पत्ता म्हणून एक साधी अक्षरओळ, समजा ‘टँकर.आला’, आणि सोबत जेसन. बस म्हणजे प्रक्रियेच्या आतलं टपाल. ‘पब्लिश’ केलं की त्या पत्त्यावर कान लावून बसलेल्या सगळ्यांना मिळतं, ‘सेंड’ केलं की त्यांतल्या एकालाच, आणि ‘रिक्वेस्ट’ केलं की उत्तराची वाट बघता येते, मुळात ३० सेकंद. हे रजिस्टर्ड टपाल नाही. संदेश हरवू शकतो, म्हणून पैशांचे व्यवहार केवळ बसच्या भरवशावर ठेवू नका. आपल्याकडे नोंद आधी डेटाबेसात गेलेली आहे, बसवर फक्त वर्दी जाते.

ब्राउझरपर्यंत न्यायला वेबसॉकेटची गरज नाही. माहिती एकाच दिशेने जाते, सर्व्हर-सेंट इव्हेंट्स पुरतात. एक ‘गेट’ वाट करा. तिच्यात उत्तरावर ‘सेट चंक्ड’ ट्रू, मजकुराचा प्रकार ‘इव्हेंट-स्ट्रीम’, आणि मग उत्तर संपवायचंच नाही. त्याऐवजी बसवर त्या पत्त्यासाठी ‘कन्झ्युमर’ नोंदवा, आणि संदेश आला की ‘डेटा’ शब्द, कोलन, जेसन आणि दोन नव्या ओळी असं ‘राइट’ करा. दोन ओळी विसरलात तर ब्राउझर संदेश पूर्ण व्हायची वाट बघत बसतो.

पान मिटलं की कन्झ्युमर काढायला हवा. उत्तराच्या ‘क्लोज हँडलर’मध्ये ‘अनरजिस्टर’ बोलवा. हे राहिलं तर दर वेळी कुणी पान उघडून मिटलं की एक भूत मागे राहतं, मेमरी हळूहळू चढते, आणि मे महिन्यात, जेव्हा सगळे दिवसभर पान बघतात, तेव्हाच सर्व्हर बसतो.

पान स्वतः ‘रिसोर्सेस’मध्ये ‘वेबरूट’ नावाच्या फोल्डरात ठेवा आणि राउटरला सगळ्यात शेवटी ‘स्टॅटिक हँडलर’ लावा. शेवटी, कारण वाटा लावल्या त्या क्रमाने तपासल्या जातात. पानावर जावास्क्रिप्टच्या ‘इव्हेंट सोर्स’ला आपल्या वाटेचा पत्ता दिला की काम झालं. जोडणी तुटली तर तो स्वतःच पुन्हा जोडून घेतो.

दोन खिडक्या शेजारी उघडा, तिसरीकडून कर्लने नोंद पाठवा. दोन्ही पडदे एकदम हलतात.

वाढपी वाढवणं

एक लूप पुरेना झाला तर व्हर्टिकल तैनात करताना ‘डिप्लॉयमेंट ऑप्शन्स’मध्ये ‘इन्स्टन्सेस’ ४ सांगा. चार प्रती, चार लूप, पोर्ट तेच. येणाऱ्या जोडण्या व्हर्ट.एक्स आळीपाळीने वाटून देतं. मेमरीतली ती जुनी ‘अ‍ॅरे लिस्ट’ अजून काढली नसेल तर आता गंमत बघा: प्रत्येक प्रतीची यादी वेगळी, पान ताजं करेल तसं उत्तर बदलतं. बस मात्र सगळ्या प्रतींत सामायिक आहे, त्यामुळे थेट पडदा बिनघोर चालतो.

पूलचं तसं नाही. प्रत्येक प्रतीने स्वतःचा ५ जोडण्यांचा पूल बांधला तर २० झाल्या, आणि पोस्टग्रेस मुळात एकूण १०० च देतं. पूल एकदाच बांधून सगळ्यांना द्या, किंवा ‘पूल ऑप्शन्स’मध्ये ‘सेट शेअर्ड’ ट्रू करून नाव द्या.

चाचणीबद्दल एवढंच: ‘व्हर्टएक्स टेस्ट कॉन्टेक्स्ट’वर ‘कम्प्लीट नाउ’ बोलवायला विसरू नका. नाहीतर बरोबर असलेली चाचणीही ३० सेकंद थांबून नापास होते.

सर्व्हरवर नेताना

मेव्हनला ‘पॅकेज’ सांगितलं की टार्गेट फोल्डरात नावात ‘फॅट’ असलेली एकच जार तयार होते. त्यात सगळं आहे. ती सर्व्हरवर ठेवा, सिस्टमडीची (लिनक्सवर सेवा चालू ठेवणारी व्यवस्था) एक छोटी फाइल लिहा, परवल आणि डेटाबेसचा पासवर्ड तिथल्या पर्यावरणात द्या.

पुढे बहुधा एनजिनएक्स असेल, म्हणजे बाहेरच्या विनंत्या आधी घेऊन आपल्या सर्व्हरकडे देणारा मधला सर्व्हर, आणि घरी सुरळीत चाललेला थेट पडदा तिथे मुका होईल. त्याची दोन कारणं असतात. एक, एनजिनएक्स उत्तर साठवून मग पुढे देतो. त्या वाटेपुरतं प्रॉक्सी बफरिंग बंद करा. दोन, ६० सेकंद काहीच आलं नाही तर तो जोडणी कापतो, आणि टँकर काही दर मिनिटाला येत नाही. म्हणून त्याच वाटेत ‘सेट पीरिऑडिक’ने दर २५ सेकंदांनी कोलनने सुरू होणारी एक ओळ आणि तिच्यामागे एक रिकामी ओळ पाठवा. कोलनची ओळ ब्राउझर टिप्पणी समजून सोडून देतो, एनजिनएक्स मात्र जागा राहतो. या टायमरचा क्रमांक जपून ठेवा आणि ‘क्लोज हँडलर’मध्ये ‘अनरजिस्टर’च्या खालीच ‘कॅन्सल टायमर’ लिहा.

वॉचमनच्या फोनवर मी एकच मोठं बटण असलेलं पान ठेवलंय. लिटर आधीच १०,००० भरलेले, कारण बहुतेक वेळा टँकर तेवढाच असतो. अंगठा ओला असला तरी दाबता येईल एवढं मोठं बटण ठेवा.